घरी केलेले दागिने विकायचे आहेत, सुरुवात कुठून करू?

प्रश्न असा आहे: "मी ठाण्यात एका खासगी कंपनीत हिशेबाचं काम करते. तीन वर्षांपासून हौसेनं मोत्यांच्या नथी, तन्मणी आणि कानातली करते आहे. ज्यांना भेट दिली त्या सगळ्यांना आवडली. आता विकावीत असं वाटतं, पण नोकरी सोडायची नाही. सुरुवातीला किती पैसे घालू? भाव कसा लावू? माल कुठे विकू? नोंदणी वगैरे लागते का?"

ताई, मी हे काम सतरा वर्षं करते आहे. त्यातली पहिली नऊ वर्षं नोकरी सांभाळून, डोंबिवली ते सीएसएमटी ये-जा करत केली. त्यामुळे तुमची संध्याकाळ कशी असते हे मला ठाऊक आहे. तुम्ही विचारलेल्या सगळ्याचं उत्तर देते, पण तुम्ही विचारलं नाही अशा एका गोष्टीपासून सुरुवात करते.

तुमच्या पत्रात "भेट" हा शब्द आहे. भेट दिलेल्या नथीची तार सुटली तर मावशी ती नथ गुपचूप डबीत ठेवून देते, तुम्हाला कळवतसुद्धा नाही. पैसे देऊन घेतलेली नथ लग्नाच्या मांडवात सुटली तर त्या बाईचा दिवस खराब होतो, आणि तिचं म्हणणं खरं असतं. तीन वर्षांचं कौतुक खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण तुमचं काम टिकतं की नाही हे त्यावरून कळत नाही, ते वेगळं तपासावं लागतं. भांडवलाचं त्यानंतर बघू.

एकाच नमुन्याच्या पाच नथी करा. एक स्वतः घाला, दिवसभर, घरकाम करताना, स्वयंपाकघरात, घाम येईल अशी. एक न्हाणीघरात आठवडाभर टांगून ठेवा म्हणजे दमट हवेत मुलामा काळा पडतो का ते दिसेल. एकीवर अत्तर लावा. उरलेल्या दोन अशा बायकांना द्या ज्या तुमच्या नात्यातल्या नाहीत, आणि त्यांना सांगा, "चांगलं काय ते सांगू नका, काय टोचलं, काय सुटलं, कधी काढून ठेवावीशी वाटली तेवढं सांगा." महिन्याभरानं जे कळेल ते तीन वर्षांच्या कौतुकातून कळलेलं नसेल. तन्मणी आणि कानातल्यांचंही असंच.

मी हे केलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी एका ओळखीच्या घरातल्या लग्नासाठी वीस तन्मणी करून दिले. सर तंगुसात, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्यात ओवले होते, कारण तंगूस स्वस्त, पारदर्शक आणि हाताला सोपा. तंगुसाची गाठ गुळगुळीत असते, ती घसरते. वीसपैकी तीन तन्मणी त्याच दिवशी सुटले. शिवाय ज्या व्यापाऱ्याकडून मोती घेतले होते त्यानं काचेचे म्हणून प्लास्टिकचे दिले होते आणि मी ते पारखले नव्हते. अत्तर लागलं तिथे वरचा थर पापुद्र्यासारखा निघाला. वीसच्या वीस परत घेतले आणि पैसे परत केले. त्या महिन्यात माझ्या पगारातला मोठा भाग त्यात गेला. पैशापेक्षा त्या मुलीच्या आईचा चेहरा जास्त लक्षात राहिला.

मोती पारखायला शिका, ते अवघड नाही. भोकाच्या तोंडाशी नखानं खरवडा. थर सुटून आत पांढरं किंवा दुधी प्लास्टिक दिसलं तर कळतं. काचेचा मोती हाताला गार आणि जड लागतो, प्लास्टिकचा लगेच कोमट होतो. खरा मोती दातावर हलकेच घासला तर कणीदार लागतो, बाकी सगळे गुळगुळीत लागतात. प्लास्टिकचे मोती वाईट असतात असं नाही. गौरीच्या हारासाठी हलके म्हणून मी मुद्दाम तेच वापरते. फक्त काय वापरलं ते तुम्हाला माहीत हवं आणि गिऱ्हाइकाला सांगता आलं पाहिजे.

दोऱ्याचं काम पटवेकऱ्यांकडून शिकावं. पूर्वी सराफ दागिना घडवायचा आणि पटवेकरी तो गाठवून द्यायचा. रेशमाच्या किंवा सुताच्या दोऱ्यात दोन मोत्यांमध्ये गाठ मारायची पद्धत त्यांची. त्याचं कारण साधं आहे: दोरा तुटला तरी एकच मोती हातून जातो, सगळा सर जमिनीवर सांडत नाही, आणि मोती एकमेकांवर घासून झिजत नाहीत. जुन्या पेठांमधून, सराफ कट्ट्याच्या आसपास आजही एखाद्या ओट्यावर पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून गाठवत बसलेले लोक दिसतात. चार दुपारी त्यांच्याशेजारी बसा. मी बसले होते. तन्मणीचं खोड, म्हणजे मधलं पदक, सरांना कसं जोडायचं म्हणजे ते गळ्यात उलटं फिरत नाही, हे मला कुठल्याही व्हिडिओनं नाही, अशा एका आजोबांनी दाखवलं.

नथीचं वेगळं. तारेचा गेज जेवढा मोठा तेवढी तार बारीक, हे तुम्हाला माहीत असेलच. मोती ओवायला २८ गेज चालते, पण नथीचा कणा त्यावर उभा राहत नाही, तिथे २२ किंवा २४ घ्या. टोचलेल्या नाकाची नथ आणि चापाची नथ हे दोन वेगळे दागिने आहेत असं समजून करा. चापाच्या नथीत सगळं कौशल्य दाबात आहे. दाब जास्त झाला तर अर्ध्या तासात नाक दुखतं, कमी झाला तर आरतीच्या ताटात नथ पडते. माझी पद्धत अशी: चाप दुमडलेल्या जाड कागदाच्या चार घड्यांवर बसवते, हलवल्यावर तो सरकला नाही पाहिजे आणि काढल्यावर कागदावर वळ उमटला नाही पाहिजे. आणि नथ डाव्या नाकपुडीत घालतात, म्हणून मोत्यांचा झोक त्या बाजूनं बसतो का ते आरशात बघूनच पुढची करा. घाईत उलट्या झोकाच्या नथी करून बसणाऱ्या कितीतरी मुली मी पाहिल्या आहेत.

कानातल्यांच्या आकड्यांबद्दल, म्हणजे कानात अडकवायच्या तारेबद्दल, एक गंभीर गोष्ट. पितळ-तांब्यानं त्वचा हिरवट झाली तर धुतल्यावर जाते. निकेलनं खाज, पुरळ, कान चिघळणं असं होतं, आणि ज्यांना निकेल सोसत नाही त्यांना ते पुन्हा पुन्हा होतं. स्वस्त आकड्यांवर मुलाम्याखाली निकेलचा थर बऱ्याचदा असतो. म्हणून आकडे मोत्यांपेक्षा महाग पडले तरी चालतील, पण निकेल नसलेले, बिलावर तसं लिहून देणाऱ्या दुकानदाराकडूनच घ्या. चांदीचे आकडे वेगळ्या भावात द्यायची सोय ठेवा. ज्यांचे कान चिघळतात त्या बायका अशा सोयीसाठी तुमच्याकडे वर्षानुवर्षं येतील.

आता भांडवल. पहिल्या खेपेला पाच-सहा हजारांच्या वर जाऊ नका. त्यात चांगल्या प्रतीची अवजारं आधी: चपट्या तोंडाची पक्कड, गोल तोंडाची पक्कड आणि तार कापायचा कटर. यावर हात आखडू नका, खराब पकडीच्या दातांचे ओरखडे मुलाम्यावर उमटतात. उरलेल्या पैशात फक्त तीन प्रकारांचं साहित्य. तीनच. समजा एक नथ, एक तन्मणी, एक कानातलं, प्रत्येकी दहा नग. नवीन माणसाचे पैसे जातात ते दुकानात "हेही छान दिसतंय" म्हणत घेतलेल्या मण्यांमध्ये. माझ्याकडे अजून एक डबा आहे, पहिल्या वर्षी घेतलेल्या जांभळ्या काचमण्यांचा. सतरा वर्षांत त्यातले मूठभर वापरले गेले.

तुम्ही ठाण्याच्या, म्हणजे सीएसएमटीला उतरून क्रॉफर्ड मार्केटवरून चालत भुलेश्वर गाठणं सोयीचं. पुण्याकडच्या वाचकांना रविवार पेठ, बोहरी आळी आणि तुळशीबाग जवळ आहेत. सकाळी अकराच्या सुमारास जा, दुकानं नुकती उघडलेली असतात आणि दुकानदार बोलायला मोकळा असतो. हातात नमुना आणि यादी घेऊन जा. मोती लडीवर किंवा वजनावर मिळतात, सुटं साहित्य बऱ्याचदा ग्रोसवर, म्हणजे १४४ नगांवर. ग्रोसचा भाव स्वस्त दिसतो, पण तुम्हाला वीसच नग लागणार असतील तर उरलेले १२४ तुमच्या कपाटात पडलेले पैसे आहेत. आणि एका ऑर्डरचे सगळे मोती एकाच वेळी, एकाच लॉटमधून घ्या. पुढच्या महिन्यात त्याच दुकानातून त्याच नावाचे मोती आणलेत तरी रंगाची छटा सरकलेली असते. घरच्या दिव्यात कळत नाही, मांडवाच्या उजेडात पाच बहिणींच्या गळ्यात शेजारी शेजारी दिसते.

भाव लावायच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण इथे बायका स्वतःवर अन्याय करतात. "साहित्य पस्तीस रुपयांचं, मग साठला विकू, पंचवीस सुटले" असा हिशेब करतात आणि वर्षभरानं थकून थांबतात. तुम्ही हिशेबाच्याच कामात आहात, तेव्हा ताळेबंद करताना जी शिस्त पाळता तीच इथे लावा.

एक नथ घेऊ. मोती, खडा, तार, चाप मिळून २४ रुपये, डबी ८, कार्ड आणि पिशवी ३, म्हणजे ३५. वेळ पंचवीस मिनिटं. तुमच्या तासाची मजुरी १२० रुपये धरली तर ५०. हा आकडा तुमचा तुम्ही ठरवा, पण शून्य धरू नका. झाले ८५. तुटफूट, वाया गेलेली तार, बिघडलेला नग यासाठी साहित्याच्या दहा टक्के, म्हणजे साधारण ४. मार्केटला जाण्यायेण्याचा खर्च, अवजारांची झीज, फोटोसाठी घेतलेलं कापड, स्टॉलचं टेबल यांचा वाटा दर नगामागे १५ धरू. एकूण १०४. हा तुमचा पडता भाव. याच्या खाली कोणालाही, अगदी जिवलग मैत्रिणीलासुद्धा, विकायचं नाही. तिला द्यायची असेल तर भेट द्या, पण पडत्या भावाखाली विकू नका, कारण तो भाव तिच्या तोंडून बाहेर जातो आणि पुढची दहा माणसं तोच मागतात.

घाऊक भाव १३० आणि किरकोळ २२०, असं मी लावेन. नव्या माणसाला किरकोळ भाव जास्त वाटतो. पण उद्या एखादी बुटीकवाली म्हणेल, "मी ठेवते तुमचा माल." ती १३० ला घेऊन २२० ला विकेल, तिचं भाडं आणि पगार त्या ९० रुपयांतून निघणार. तुम्ही स्वतः १५० ला विकत असाल तर तिच्यासाठी जागाच उरत नाही, आणि तिच्या दुकानासमोरच तुमचा स्टॉल तिच्यापेक्षा स्वस्त असेल तर ती पुन्हा फोन करणार नाही. म्हणून किरकोळ भाव पहिल्या दिवसापासून असा ठेवा की त्यात दुकानदाराचा वाटा मावेल.

"बाजारात अशी नथ ऐंशीला मिळते," असं तुम्हाला ऐकावं लागेल. मिळते, खरंच. मुंबईत मालाडला, गुजरातेत राजकोटला इमिटेशन दागिन्यांचं केवढं तरी काम चालतं, त्या भावाशी हातानं एकेक नथ करणाऱ्याने भांडू नये. त्याऐवजी जे तिथे होत नाही ते द्या: नाकाच्या मापाचा चाप, साडीच्या काठाशी जुळणारा खडा, तुटली तर दुरुस्ती. दुरुस्तीवर माझा फार विश्वास आहे. माझ्या प्रत्येक डबीत एक चिठ्ठी असते: पहिल्या वर्षात काही सुटलं तर फुकट जोडून देईन. फार थोडे नग परत येतात, पण ती चिठ्ठी वाचून घेणाऱ्या बायका खूप. आणि परत आलेला प्रत्येक नग तुमचं काम कुठे कच्चं आहे ते दाखवतो.

विकायचं कुठे? पहिले तीन महिने ओळखीच्यांत आणि त्यांच्या ओळखीच्यांत. व्हॉट्सअॅपचं स्टेटस, सोसायटीचा ग्रुप, ऑफिसमधल्या बायका. मग स्टॉल. स्टॉल घेण्याआधी एक आकडेमोड नक्की करा. दोन दिवसांचं भाडं ३,००० आणि रिक्षा-जेवण ६०० असेल तर ३,६०० झाले. एका नथीमागे २२० उणे १०४, म्हणजे ११६ सुटतात. ३,६०० भागिले ११६, म्हणजे ३२ नथी विकल्या की फक्त स्टॉलचा खर्च निघतो. तुमच्याकडे तयारच तीस नग असतील तर तो स्टॉल घेऊ नका, एखाद्या मैत्रिणीशी टेबल वाटून घ्या. दोन प्रदर्शनं आधी फक्त गिऱ्हाईक म्हणून फिरून या. बायका कुठल्या टेबलापाशी थांबतात, पर्स कधी उघडतात, भाव लिहिलेला असला की काय होतं, ते बघा. मी प्रत्येक नगावर भाव लिहिते. विचारायला संकोचणारी बाई नुसतीच पुढे जाते. आरसा मोठा ठेवा. नथ हातात धरून विकली जात नाही, नाकाला लावून बघितली की विकली जाते. चाप पुसायला स्पिरिट आणि कापूस टेबलावरच, सगळ्यांना दिसेल असा ठेवा.

भीमथडी जत्रा किंवा महालक्ष्मी सरस यांसारख्या मोठ्या ठिकाणांची घाई नको. बचत गटात असाल तर गटाच्या नावाने सरसमध्ये शिरकाव होऊ शकतो, पण तिथे रोज शेकडो माणसं येतात आणि माल कमी पडला तर भाड्यापेक्षा संधी गेल्याचं जास्त वाईट वाटतं.

दुकानात माल ठेवायचा तर जांगड द्यायचा की रोखीनं, हे आधीच स्पष्ट करा. जांगड म्हणजे विकला तर पैसे, नाही तर माल परत. सुरुवातीला तेच मिळेल आणि ते ठीकही आहे, फक्त नगवार यादी करून त्यावर सही घ्या, पैसे कोणत्या तारखेला मिळणार ते लिहा, आणि खराब होऊन परत आलेल्या मालाचं काय हेही लिहा. एका दुकानात माझे चाळीस नग आठ महिने उन्हाच्या काचेत पडून पिवळे झाले आणि तसेच परत आले. कागद नव्हता, म्हणून काही बोलता आलं नाही. आता मी साठ दिवसांची मुदत लिहून घेते.

फोनवरच्या विक्रीसाठी फोटो महत्त्वाचे, पण महागडा कॅमेरा नको. सकाळी उत्तरेकडच्या खिडकीपाशी, साध्या सुती कापडावर. तीन फोटो पुरतात: समोरून, मागून (मागची बाजू दाखवणाऱ्यावर लोक विश्वास ठेवतात) आणि कोणीतरी घातलेला. शेजारी पट्टी ठेवून सेंटिमीटरमध्ये माप आणि ग्रॅममध्ये वजन लिहा. फोटोवर फिल्टर लावून मोत्यांचा रंग बदलू नका. पार्सल पाठवताना डबीत दागिना हलणार नाही असा कापूस भरा, डबी पिशवीत, पिशवी खोक्यात.

आपल्याकडे हा धंदा पंचांगाबरोबर चालतो, आणि हे ज्याला कळलं त्याचं अर्धं काम झालं. श्रावणात मंगळागौर: नथी, मोत्यांची कानातली, अंबाड्यावरची वेणी. भाद्रपदात गौरी, आणि गौरीचे दागिने हे मला फार आवडणारं काम. बहुतेक घरी दोन गौरी असतात, म्हणून सगळं जोडीनं आणि अगदी सारखं हवं. एकीच्या ठुशीत एक मणी जास्त झाला तरी घरातल्या आजींना दिसतो. मुखवटे पितळी, शाडूचे, कापडी असे वेगवेगळे असतात, काहींच्या नाकाला भोक असतं, काहींच्या नसतं. ऑर्डर घेताना मुखवट्याचा फोटो आणि गळ्याचा घेर मागून घ्या. ही गिऱ्हाइकं दर वर्षी काहीतरी एक नवीन घेतात, आणि सुनेच्या हाती कारभार आला तरी तुमचा नंबर तिच्याकडे जातो. पितृपक्षात खरेदी थांबते, तेव्हा नवरात्र-दिवाळीचा माल करून ठेवा. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई.

मग संक्रांत. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतात आणि बायका वाण लुटतात. एकेक बाई पंचवीस, पन्नास, शंभर नग एकदम घेते, तीस ते साठ रुपयांच्या आतलं. छोट्या नथीचा पदराला लावायचा ब्रोच, मोत्यांची टिकलीएवढी कुडी, खणाच्या कापडाची कानातली असं काही. या कामात नफा नगाला थोडा पण एकगठ्ठा असतो. नोव्हेंबरात नमुने दाखवा, अर्धे पैसे आगाऊ घ्या, आणि डिसेंबरच्या वीस तारखेनंतर ऑर्डर घेऊ नका.

त्याच दिवसांत हलव्याचे दागिने. नव्या नवरीची पहिली संक्रांत, काळी साडी आणि पांढरेशुभ्र हलव्याचे मुकुट, हार, बाजूबंद, नथ, जावयाला हार, बाळाच्या बोरनहाणाला मुकुट आणि बासरी. हलवा स्वतः करायला जाऊ नका. मंद आचेवर, थंड हवेत पाक चमच्या-चमच्यानं चढवत काटा आणायला वर्षांची सवय लागते. तयार काटेरी हलवा घ्या आणि ओवायचं, पुठ्ठ्यावर चिकटवायचं काम तुम्ही करा. दमट हवेत हलवा पाझरतो आणि मुंग्या तर येतातच, म्हणून ठाण्यासारख्या ठिकाणी हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून, पोचवायच्या फार तर आठवडाभर आधी करावं. सेटवर "खाण्यासाठी नाही" अशी चिठ्ठी लावा, कारण त्यात गोंद आणि जरीचा दोरा असतो आणि बोरनहाणात लहान मुलं असतात. मेहनत भरपूर आहे. पण माझ्या हातचे हलव्याचे दागिने घातलेल्या मुली पुढे बोरनहाणासाठी बाळ घेऊन येतात, त्या कामाचा आनंद मला दुसऱ्या कशात मिळालेला नाही.

नोंदणीचं थोडक्यात. आधी तुमचं कंपनीचं नेमणूकपत्र वाचा. जोडधंद्याला मनाई असेल तर लेखी परवानगी घ्या. राज्य सरकारी नोकरीत असलेल्या वाचकांसाठी नियम कडक आहे: महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे पूर्वपरवानगीशिवाय खासगी व्यापार करता येत नाही. जीएसटीची मर्यादा राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला वार्षिक ४० लाखांची आहे, तिथवर तुम्ही लगेच पोचणार नाही. इमिटेशन दागिन्यांवर दर ३ टक्के आहे, पण नोंदणी नसेल तर तो गिऱ्हाइकाकडून घ्यायचा नाही. मोठ्या ऑनलाइन बाजारांवर विकायला पूर्वी नोंदणी लागायचीच. १ ऑक्टोबर २०२३ पासून मर्यादेच्या आतला छोटा विक्रेता नोंदणीऐवजी नावनोंदणी क्रमांक घेऊन राज्यांतर्गत विकू शकतो. राज्याबाहेर माल जायला लागला की नियम बदलतात, त्या टप्प्यावर सीएला एकदा भेटा. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, २०२० पासून ऑनलाइन आहे आणि ती पूर्णपणे मोफत आहे. पैसे मागणाऱ्या दलालांच्या वेबसाइटवर फसू नका. बँकेत वेगळं बचत खातं काढून यूपीआयचा कोड त्यालाच जोडा, आणि मिळालेला नफा पगाराबरोबर विवरणपत्रात दाखवा.

एक शब्द मात्र जपून वापरा: "सोनं". पितळेवर सोन्याचा मुलामा असेल तर "सोन्याचा मुलामा" असंच लिहा. "एक ग्रॅम सोन्याची नथ" असं बाजारात सर्रास म्हणतात, आणि साध्या बाईला वाटतं की आत एक ग्रॅम सोनं आहे. चांदी वापरलीत आणि ९२५ म्हणालात तर त्यात ९२.५ टक्के चांदी असलीच पाहिजे, घेतल्याचं बिल जपून ठेवा. खऱ्या सोन्याकडे जोडधंदा म्हणून वळू नका. १ एप्रिल २०२३ पासून सराफांना सहा अंकी-अक्षरी एचयूआयडीच्या, म्हणजे त्या दागिन्याच्या ओळख क्रमांकाच्या, शिक्क्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही, ते काम त्यांचं.

वेळेबद्दल. आठवड्यात तीन संध्याकाळी दोन-दोन तास आणि रविवारी सकाळ, एवढंच ठरवा. म्हणजे साधारण नऊ तास. पंचवीस मिनिटांच्या हिशेबाने आठवड्याला वीस-एक नथी. त्यातूनही फोटो, पॅकिंग, निरोपांना उत्तरं यात तिसरा हिस्सा जातो, म्हणून तेरा-चौदा धरा. ऑर्डर घेताना हाच आकडा डोळ्यांसमोर ठेवा आणि त्याच्या पुढची तारीख सांगा. वाकून काम करू नका, टेबलाची उंची छातीपर्यंत येऊ द्या आणि दर अर्ध्या तासानं लांब बघा. माझी मान सातव्या वर्षी धरली, तेव्हा सहा आठवडे पक्कड हातात घेता आली नाही आणि आलेल्या ऑर्डरी मैत्रिणीकडे सोपवाव्या लागल्या.

मदत लागली तर शेजारच्या एखाद्या बाईला नगावर मजुरी देऊन ओवायचं काम द्या, पण मजुरी तुमच्या पडत्या भावात धरली होती तेवढीच द्या. तिला पन्नासच्या जागी वीस देऊन उरलेले तीस नफा समजणं मला पटत नाही. चाप बसवणं आणि शेवटची तपासणी मात्र कायम तुमच्याच हातात ठेवा.

एक वही ठेवा. डाव्या पानावर घेतलेलं साहित्य, दुकान, तारीख, भाव आणि लडीतला एक मोती चिकटपट्टीनं लावलेला. उजव्या पानावर विकलेला नग, कोणाला, कितीला, आणि परत आला असेल तर का. तीन महिन्यांनी ती वही उघडून बघा की तीन प्रकारांपैकी कुठल्याला तासाला सगळ्यात जास्त सुटले. माझ्या बाबतीत ते तन्मणी असतील असं मला वाटत होतं, कारण त्याचा भाव मोठा. वहीनं सांगितलं की नथी. तन्मणीला माझे अडीच तास जात होते.

तुमच्या पाच नथी करून झाल्या आणि महिना उलटला की काय सुटलं, काय टोचलं ते मला लिहा. चापाच्या नथीचा बाजूनं काढलेला फोटो सोबत पाठवा, वाक कुठे कमी-जास्त आहे ते त्यावरून सांगता येईल.